इंदूरच्या आसपास कयाकवरून मासेमारी: पेट्रोल वाचवा, पाण्यावर जास्त वेळा जा

पेट्रोलचा हिशेब आधी मांडू, कारण नाव कोणती घ्यायची हे त्यावरूनच ठरतं. इंदुरातून इंदिरा सागर जलाशयाकाठच्या हनुवंतियाला जाऊन-येऊन साधारण पावणेतीनशे किलोमीटर पडतात. टपावर कयाक (एकट्याने वल्हवायची हलकी नाव) बांधलेली छोटी गाडी लिटरला १४ किलोमीटर देईल आणि पेट्रोल १०६ रुपये लिटर आहे असं धरलं, तर एका फेरीला दोन हजारांच्या वर जातात. टोल, चहापाणी, जेवण वेगळं. चोरल धरणाला जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास रुपये. यशवंत सागर जलाशय पन्नास-बावन्न किलोमीटरमध्ये होतो. गाडीने पावणेचारशे, आणि ४५ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या दुचाकीने गेलात तर सव्वाशेच्या आत. हनुवंतियाच्या एका फेरीच्या पैशात यशवंत सागरच्या सोळा सकाळी होतात.

पैशांपेक्षा मला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. दूरचं पाणी विशाल असतं, तिथले मासेही मोठे असतात, हे कबूल. पण ज्या पाण्यावर वर्षातून दोनदा जाणं होतं, त्याचा तळ कधीच कळत नाही. नदीचं जुनं पात्र कुठून जातं, कुठल्या काठावर ठूंठ (तोडलेल्या झाडांचे बुंधे) बुडालेले आहेत, पश्चिमेचा वारा सुटला की कुठली खाडी शांत राहते, हे दर आठवड्याला गेल्याशिवाय समजत नाही. इंजिनाच्या बोटीला हे अज्ञान परवडतं. ती दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचते. वल्ह्याने फिरणाऱ्याला परवडत नाही. म्हणून कयाकवाल्याने जवळचं एकच पाणी धरावं आणि ते पाठ करावं.

कुठलं पाणी धरायचं

शहराच्या आतली पाणी आधी बाजूला काढा. सिरपूर तलाव २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, तिथे पक्ष्यांचं राज्य आहे आणि ते तसंच राहू द्यावं. बिलावली आणि पिपलियापाला महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. तिथे बोटिंग चालतं म्हणून आपली नाव उतरवायची मुभा आहे असं समजू नका.

यशवंत सागर हातोदच्या बाजूला, गंभीर नदीवर आहे. होळकरांच्या काळात, १९३० च्या दशकात बांधलेला हा जलाशय आजही इंदूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत आहे आणि तोही २०२२ पासून रामसर स्थळ आहे. म्हणजे इथे दोन बंधनं आपोआप येतात. पाण्यात काहीही पडता कामा नये, आणि पक्ष्यांपासून लांब राहायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बदकांचे थवे मधल्या पाण्यावर बसतात. नाव शंभर-दीडशे मीटरवर आली की ते माना वर करतात. तिथूनच वळायचं, थवा उडेपर्यंत पुढे जायचं नाही. सारस दिसले तर तो काठच सोडायचा.

चोरल धरण खंडवा रोडने, घाटाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या जंगलपट्ट्यात आहे. पर्यटन विकास निगमचं रिसॉर्ट तिथे असल्यामुळे चौकशी करायला माणूस सापडतो. पाणी वळणावळणाचं आहे, त्यामुळे वाऱ्याला आडोसा मिळतो. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. याशिवाय देपालपूर, महू, सांवेर भागात सिंचनाचे कितीतरी तलाव आहेत. देपालपूरजवळचा बनेडियाचा तलाव त्यातला मोठा. काही गावतलावांमध्ये शिंगाड्याची शेती असते. पाण्यावर पसरलेली ती वेल कुणाचं तरी पीक आहे, त्यात वल्हं घालू नका.

नर्मदेचा मोह सगळ्यांनाच होतो. बडवाह तसं फार दूर नाही. पण ओंकारेश्वर आणि इंदिरा सागरमधून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालची पातळी बघता बघता चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या धाराजीच्या जत्रेत असंच पाणी वाढून अनेक भाविक वाहून गेले होते. धरणाखालच्या प्रवाहात एकट्याने कयाक घालू नये, आणि घाटांजवळ गळ तर टाकूच नये.

परवानगी: हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया

मध्य प्रदेशात बहुतेक तलावांतल्या माशांवर कुणाचा तरी हक्क असतो. १० हेक्टरपर्यंतचे तलाव ग्रामपंचायतीकडे, १० ते १०० हेक्टरचे जनपद पंचायतीकडे, त्यापुढचे जिल्हा पंचायतीकडे, आणि फार मोठे जलाशय मत्स्य महासंघाकडे, अशी साधारण विभागणी आहे. तिथून मछुआ समित्यांना, म्हणजे मच्छीमारांच्या संस्थांना, मासेमारीचा पट्टा (भाडेकरार) मिळतो. समितीच रोहू-कटल्याचं बीज विकत घेऊन पाण्यात सोडते. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला रोहू हा कुणाच्या तरी पैशाचा मासा असतो.

म्हणून पहिली फेरी नाव न घेता करा. सकाळी सात-आठला मच्छीमार जाळी काढून काठावर येतात, तेव्हा जा. समितीचा अध्यक्ष कोण, ते विचारा. त्यांना भेटून सरळ सांगा: गळाने धरणार, जाळं नाही, एकटाच असेन, धरलेला मासा सोडून देणार किंवा घरी नेला तर किलोच्या भावाने पैसे देणार. जमलं तर हे एका कागदावर लिहून सही घ्या. जलाशय पाणीपुरवठ्याचा असेल तर नाव उतरवण्यासाठी त्या खात्याला वेगळं विचारावं लागतं. समितीचा होकार तिथे चालत नाही.

हे बोलणं झालं की आणखी एक फायदा होतो. पाणी कुठे खोल आहे, मगर आहे की नाही, मागच्या वर्षी माणूस कुठे बुडाला, हे तुम्हाला तिथेच कळतं. नकाशावर यातलं काही नसतं. मगरीबद्दल तर दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा, आणि ‘आहे’ असं उत्तर आलं तर ते पाणी आपल्यासाठी नाही.

१६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा बंद काळ असतो. नद्या आणि नदीशी जोडलेल्या पाण्यात या दोन महिन्यांत मासेमारी गुन्हा आहे. गळ लहान म्हणून सूट मिळेल असं समजू नका.

नाव कशी निवडायची

जवळच्या पाण्यासाठी दोनच प्रकार विचारात घ्या: हवा भरायची कयाक किंवा १० फुटी टणक प्लास्टिकची ‘सिट-ऑन-टॉप’, म्हणजे जिच्यात पाय आत न घालता वर बसता येतं ती. पाय आत अडकणारी बंद कयाक मासेमारीला नको. उलटली तर बाहेर पडायला वेगळा सराव लागतो आणि मासा हाताळायला जागा नसते.

हवेची कयाक १२ ते १८ किलोची असते, पिशवीत मावते आणि फ्लॅटमध्ये पलंगाखाली राहते. पेट्रोलच्या दृष्टीने हिला तोड नाही, कारण ती दुचाकीवर मागे बांधून नेता येते. मात्र जाड पीव्हीसीची आणि किमान तीन वेगळ्या हवाकप्प्यांची घ्या. एक कप्पा फुटला तरी उरलेल्या दोनांवर काठ गाठता येतो. पोहण्याच्या तलावात खेळायच्या पातळ नावा दिसायला तशाच दिसतात, पण त्यांच्या जवळपासही जाऊ नका. बुडालेल्या बाभळीचा एक काटा पुरतो.

टणक कयाक वाऱ्यात सरळ चालते, गळ-काट्यांना घाबरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. वजन २० ते ३० किलो. लांबी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर, हीच घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या करसवलतीसाठी ४ मीटरच्या आत बनवलेल्या असतात, त्यामुळे १० फुटी कयाक टपावर मागे-पुढे फारशी न डोकावता बसते. १२ फुटी नाव गाडीच्या जवळपास लांबीची होते. गाडीच्या बाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर २० हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. वाचवलेलं वर्षभराचं पेट्रोल एका चौकात जाईल.

दोन्ही प्रकारांत वजनक्षमता बघताना तुमचं वजन, सामान, पाणी, ओले कपडे सगळं मिळून लिहिलेल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. ८० किलोचा माणूस आणि १५ किलो सामान असेल तर १४० किलोच्या खालची नाव नको.

नेण्याचा खर्च कसा कमी करायचा

टपावरची नाव वारा अडवते आणि पेट्रोल पिते. टपावर मोठी पेटी लावली तर महामार्गावर गाडीचं अ‍ॅव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घटतं, असे अमेरिकी सरकारच्या ऊर्जा विभागाचे आकडे आहेत. कयाकचा आकार वेगळा असला तरी कारण तेच आहे. म्हणून नाव उलटी, टोक पुढे करून बांधा आणि ६०-७० च्या वर जाऊ नका. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते, ती आधी वाचा. दोन आडवे पट्टे, आणि पुढून-मागून बंपरच्या हुकाला दोऱ्या. पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे. ते हमखास ढिले झालेले असतात.

पण सगळ्यात मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे. टणक कयाक घरी आणूच नका. धरणाजवळच्या गावात एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी, सावलीत, महिन्याला ठरावीक पैसे देऊन ती ठेवा. मग तुम्ही फक्त गळ, वल्हं आणि लाइफ जॅकेट घेऊन दुचाकीवर जाता. समितीशी ओळख झाली की अशी जागा सहज मिळते. साखळी आणि कुलूप लावा, खालून लाकडाचे ओंडके द्या म्हणजे उंदीर-घुशी लागत नाहीत. दर शनिवारी गाडी काढण्याऐवजी दुचाकीने गेलात, तर यशवंत सागरच्या हिशेबाने दर फेरीला अडीचशे रुपये राहतात. त्यातून जागेचं भाडं देऊनही हातात उरतं.

दोघं मित्र असाल तर एकाच गाडीत दोन हवेच्या कयाक न्या. एकट्याने पाण्यावर जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं, आणि पेट्रोलही निम्म्यावर येतं.

सामान

वल्हं २३० ते २४० सेंटिमीटरचं घ्या. मासेमारीची कयाक रुंद असते, आखूड वल्ह्याने गुडघ्यावर पाणी गळत राहतं. लाइफ जॅकेट किमान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, अंगावर घट्ट बसणारं, पाठीला उंचावर फोम असलेलं, म्हणजे खुर्चीच्या पाठीशी भांडत नाही. ते नावेत ठेवायचं नसतं, घालायचं असतं, आणि जानेवारीतल्या सकाळी स्वेटरवरून घालायचं असतं. जॅकेटला शिट्टी आणि एक छोटा चाकू लावा. चाकू माशासाठी नाही. जाळ्यात किंवा नांगराच्या दोरीत अडकलात तर कापून सुटण्यासाठी आहे.

गळाची काठी साडेसहा ते सात फुटांची, २५०० किंवा ३००० आकाराची रील, विणलेली लाइन (गळाची दोरी), पुढे हातभर जाड नायलॉन. गळाला लागलेला मासा उचलायला आखूड दांड्याची जाळी, पक्कड, माशाचा जबडा धरायची ग्रिप. प्रत्येक वस्तूला दोरी, दोरीचं दुसरं टोक नावेला. फोन पाणबंद पिशवीत, गळ्यात.

नांगर दीड किलोचा पुरतो. दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट, वारा असेल तर पाचपट. आणि नांगर कधीही नावेच्या मधोमध, बाजूला बांधू नका. वाऱ्याने दोरी ताणली की नाव आडवी होते आणि त्या बाजूला कलंडते. पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधायचा.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, सुरुवातीला नको. एका दोरीला दर मीटरवर गाठ मारा, टोकाला शिशाचं वजन लावा. दोन-चार सकाळी फक्त खोली मोजत फिरलात तर तुमच्या हाताने बनवलेला नकाशा तयार होतो.

उतरण्याआधीचा सराव

मासेमारीचं काही सुरू करण्याआधी एक सकाळ फक्त उलटण्यासाठी ठेवा. मित्र सोबत, कमरेइतकं पाणी, लाइफ जॅकेट अंगावर. नाव मुद्दाम उलटवा. तळाखालून हात घालून पलीकडची कड पकडा आणि सुलटी करा. मग नावेच्या मध्याशी या, दोन्ही हात आडवे टाका, पाय पृष्ठभागावर आणून जोरात लाथा मारा आणि पोटावर सरपटत चढा. नाभी नावेच्या मधोमध आली की कुशीवर वळा, बसा, शेवटी पाय आत घ्या. बहुतेक जण हातांच्या जोरावर चढायला बघतात आणि थकतात. काम पायांचं आहे. हे तीनदा सलग जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

माळव्यातल्या काठांची आणखी एक खोड लक्षात ठेवा. पाणी उतरत जातं तसा काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो, पण आत गुडघाभर पाय जातो. नाव मुरमाच्या किंवा दगडी जागेवरूनच उतरवा. गुरं पाणी प्यायला जिथून जातात ती वाट बहुधा टणक असते.

वारा आणि वेळ

मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा चांगलाच चढतो. पहाटे आरसा असलेलं पाणी साडेदहाला लाटा मारायला लागतं. पांढरे फेस दिसायला लागले की, ताशी वीसेक किलोमीटरचा वारा झाला असं समजा आणि काठाला या. जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेले असताना वारा तुम्हाला घराकडे ढकलतो. उन्हाळ्यात त्यासाठी पूर्वेच्या काठावरून उतरणं सोयीचं. पहाटे उजाडताना पाण्यावर, नऊ-साडेनऊला काठावर, आणि पोहे-जिलबीच्या वेळेत घरी. या वेळापत्रकात ऊन, वारा आणि रस्त्यावरची गर्दी तिन्ही चुकतात.

मे-जूनमध्ये दूर कुठेही गडगडलं तर काठी आडवी ठेवा आणि लगेच बाहेर पडा. कार्बनची काठी वीज वाहून नेते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. जमिनीवरून गळ टाकतानाही विजेच्या तारांखाली उभे राहू नका.

गळ कुठे आणि कसा

मे महिन्यात पाणी सगळ्यात कमी असतं, तेव्हा तलावाच्या उघड्या पडलेल्या भागात पायी फिरा. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जवळच्या पाण्यातच ते शक्य असतं. नदीचं जुनं पात्र, बुडालेली विहीर, दगडी बांध, ठूंठ, बेशरमची झुडपं कुठपर्यंत आहेत, सगळ्याचे फोटो काढा आणि फोनच्या नकाशावर खुणा करा. ऑक्टोबरमध्ये तिथे तीन मीटर पाणी असतं आणि बाकी सगळ्यांना नुसता सपाट पृष्ठभाग दिसतो. तुम्हाला खालचं गाव दिसतं.

मरळ हा कयाकचा खरा मासा. तो काठालगत, जलकुंभी (जलपर्णी) आणि बेशरमच्या सावलीत राहतो, आणि हवा घ्यायला अधूनमधून वर येतो. तो बुडबुडा आणि तरंग दिसला की वीसेक फुटांवर थांबा. वल्हं नावेवर आपटू देऊ नका. रबरी बेडूक वेलीच्या वर टाका आणि थांबत थांबत ओढा. झडप पडल्या क्षणी झटका द्यायचा नाही. काठीवर वजन जाणवलं की मग. पावसाळ्याच्या सुमारास पृष्ठभागाजवळ तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर त्याखाली आई-बाप राखण करत असतात. अशा मरळीवर गळ टाकू नये. ती गेली तर सगळा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

रोहू-कटल्यासाठी जुन्या पात्राच्या कडेला नांगर टाका. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. हे लक्षात ठेवून तरंगीची खोली बदला. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक घट्ट मळून त्याचं आमिष चांगलं चालतं. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीत मासे सुस्त असतात, तेव्हा उशिरा, ऊन पडल्यावर जा. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सकाळी सगळ्यात चांगल्या.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा खोल जातो. शिंगी मासा तर विषारी काटा मारतो. त्याला हाताने धरूच नका, पकडीने गळ सोडवा. दंश झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे. रांगेला वळसा घालून जा. गळ जाळ्यात अडकला तर ओढून भोक पाडण्यापेक्षा लाइन कापा.

आपल्या इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत मासा शिजत नाही, आणि तरी गळाचा नाद असतो. त्यांनी बिनकाट्याचा गळ वापरावा. साध्या गळाचा उलटा दात पकडीने दाबला की झालं. मासा ओल्या हाताने धरा, जमेल तितका पाण्यातच ठेवा, डोकं पुढे करून सोडा. महशीर लागला, तर २०११ पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. घरात मासे खात असलात तरी तो सोडायचाच.

बंद काळातली कामं

जून-ऑगस्टच्या बंदीत नावेची देखभाल करा. एका तलावातून दुसऱ्यात जाणार असाल तर एरवीही नाव धुऊन, पूर्ण वाळवून मगच न्यायची, नाहीतर जलकुंभीचा एखादा तुकडा नव्या तलावात पोचतो. हवेची कयाक ओली गुंडाळू नका, बुरशी धरते. हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर शिवणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा आणि तिथे ठिगळ लावा. प्लास्टिकची नाव उन्हात पडून राहिली की ठिसूळ होते, म्हणून ताडपत्रीखाली उलटी ठेवा. रीलला तेल द्या, लाइनचा पुढचा घासलेला भाग कापून टाका, लाइफ जॅकेटचे पट्टे आणि बकल ओढून बघा. समितीचा पट्टा किंवा अध्यक्ष बदलला असेल तर १६ ऑगस्टच्या आधी नव्याने भेटून या, आणि गोठ्याचं पुढच्या हंगामाचं भाडं त्याच फेरीत देऊन टाका.